आई नसलेल्यांचं आधी

आमच्या वहिनीला थांबणं ठाऊकच नव्हतं. पाहुणा टेकायच्या आत चहा पुढे, मागून विचारणार, "साखर चालते ना?" घरामागच्या शेडमध्ये डुकरं पाळायची, तिथेही तीच घाई. पिलं जरा हिंडाफिरायला लागली की ही लस घेऊन हजर.

गेल्या वर्षी लस टोचलेली निम्मी पिलं तापाच्या साथीत दगावली. वहिनी लसीवर उखडली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "तुमच्या माद्या लस घेतलेल्या. त्यांच्या चिकातून, पहिल्या दुधातून, पिलांना आईचं संरक्षण मिळतं. ते अंगात असताना टोचलं, तर ते लसीलाच निकामी करतं. पिलाचं अंग काही शिकत नाही. पुढे आईचं संरक्षण ओसरतं आणि पिलू उघडं पडतं."

यापुढे आधी पिलांचं रक्त तपासायचं आणि मगच टोचायचं, तोवर थांबायचं, असं वहिनीने ठरवलं. आमच्या घरात ही बातमीच होती.

यंदा साथ शेजारच्या शेडपर्यंत आली. दादाचा धीर सुटला. "आजच टोच सगळ्यांना."

"रक्त तपासलंय," वहिनी म्हणाली. "आईचं अजून भरपूर आहे. एकालाही सुई लागणार नाही."

दादा रुसून जेवला नाही. वहिनीने त्याच्या वाटणीचंही खाल्लं. मला तिचा भारी अभिमान वाटला.

दुपारी ती तीन पिलांना बाटलीने दूध पाजत होती. त्यांची आई वितानाच गेली होती. पाजता पाजता वहिनीचा हात थांबला. "अरे, यांनी चीक प्यायलाच नाही. यांना राखणार कोण?" तिने तिथूनच फोन लावला.

"बरोबर, त्यांचं थांबवून चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निघालेच."

त्या तिघांना त्याच संध्याकाळी लस मिळाली. बाकीच्यांना, रक्तातलं आईचं संरक्षण ओसरल्यावर. शेजारची शेड रिकामी झाली. आमचं एकही पिलू गेलं नाही.

आता ती तिघं चांगली धष्टपुष्ट झालीत, तरी वहिनी खाणं आधी त्यांनाच घालते. परवा दादा म्हणाला, "किती डोक्यावर बसवशील?"

"त्यांना आई नाही," ती म्हणाली. "त्यांचं आधी."

माझी आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो आणि वहिनी नुकतीच या घरात आली होती. माझं ताट आजही सगळ्यांच्या आधी वाढलं जातं. ते का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.