ओळखीच्या माणसाची जाळी

"ओळखीचा हाय आपल्या," असं म्हणून काका उजवा हात हवेत झटकायचे आणि पुढचा प्रश्न माशीसारखा उडवून लावायचे. त्याला काम येतं का, पूर्वी कुठं केलंय, काही विचारायचं नाही. ओळखीचा आहे ना, मग संपलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा काका असेल. असला तर त्याला हे वाचून दाखवा, कारण आमच्या काकांनी माझं ऐकलं नाही.

काका आमच्या भिंतीपलीकडचे. एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळं फुलंब्रीपासून छावणीपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर ओळख. माझ्या मुलीच्या लग्नाचा आचारी त्यांचा, गुलमंडीतला साडीवालाही त्यांचाच. त्या साड्यांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, तेव्हा म्हणाले, "रंगाचं सोडा, माणूस लई चांगला हाय." माझे मिस्टर दवाखान्यात होते तेव्हा रक्त द्यायला धावत आलेली मुलंही त्यांच्याच ओळखीची. ते मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त संताप होतो.

दोघांच्या घरांवर सोलर एकदमच बसलं आणि कबुतरंही एकदमच आली. पॅनेलखाली घरटी, सगळीकडे घाण, दिवसभर ते घुमणं. मी चौकशी करून रीतसर लायसन असलेल्या कंपनीची माणसं बोलावली. त्यांनी कमरेला पट्टे बांधले, आधी घरटी तपासली, पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणाले आणि मग परत येऊन क्लिपा लावून जाळी बसवली. काका त्यांच्या गच्चीतून बघत होते. "घरावर चढायलेत का दौलताबादवर?" मला म्हणाले. मग त्या माणसांना विचारलं, तुम्ही कोणाच्या ओळखीचे? ते बिचारे खिशातून कंपनीचं कार्ड काढून दाखवायला लागले.

काका माझ्यावर रुसले. शेजारी मी असताना परकी माणसं डोक्यावर चढवलीस, म्हणाले. आठवडाभर चहाला आले नाहीत. मीच गेले. त्या कंपनीचा नंबर दिला, हात जोडून सांगितलं की काका, पॅनेलखालच्या वायरींत ऊन असेपर्यंत वीज असते, खालून बटण बंद करून भागत नाही. त्यांनी हात झटकला.

त्यांचा ओळखीचा म्हणजे लग्नाच्या मंडपात लायटिंग लावणारा. जिन्यावरच्या ज्या स्लॅबवर पॅनेल होते त्याला कठडा नाही, हे त्यानं बघितलं नाही आणि पॅनेलखाली काय आहे तेही बघितलं नाही. मंडप आवळावा तशी तारेनं जाळी आवळून गेला. जाळीची कापलेली धार वायरीत रुतली आणि घरट्यातलं पिल्लू आतच अडकलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात कबुतर बाहेरून जाळीवर धडका मारत होतं. काकांना ते बघवेना. शिडी लावून वर गेले आणि उघड्या हातांनी जाळी सोडवायला लागले. शॉक बसला आणि ते तिथून खाली अंगणात पडले. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

तेराव्याला तो लायटिंगवाला आला, ढसाढसा रडला. लोक त्याचीच समजूत काढत होते, तुझा काय दोष, काकांची वेळच आली होती. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, वेळबिळ काही नाही, ज्याला काम येत नाही त्याला वर चढवलं म्हणून माणूस गेला. काका असते तर तेही त्याचीच बाजू घेऊन बोलले असते. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो.

ती जाळी मीच काढून देतो, असा लायटिंगवाल्याचा निरोप आला होता. मी त्याला गल्लीत पाऊल टाकू नको म्हणून कळवलं आणि माझ्या त्या कंपनीच्या माणसांना घेऊन काकूंकडे गेले. काकू दार अडवून उभ्या. त्यांनी त्या दोघांचे पट्टे बघितले, हातमोजे बघितले.

"कोणाच्या ओळखीचे हायेत?" त्यांनी मला विचारलं.

"कोणाच्याच नाहीत, काकू."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग कमरेची गच्चीची किल्ली काढून त्या दोघांतल्या एकाच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पट्टा नीट बांध, बाबा."