नर्मदेपलीकडची गाडी

शकुताई गावंडे यांनी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तेहतीस वर्षं डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तपासले. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा बारीक फवारा सोडणारी बोटभर नळी. इंजिनाच्या चारांतला कुठला बिघडला आहे, हे शकुताई नुसत्या आवाजावरून सांगायच्या. पण त्याच आवाजांनी त्यांचे कान गेले. निवृत्तीच्या वेळी कानात यंत्र आलं आणि त्यातून कुठलंही इंजिन पत्र्यावर खडे टाकल्यासारखं ऐकू येऊ लागलं. मग त्यांनी दीक्षितपुऱ्यातल्या घरी इंजेक्टर तपासायचं दांड्याचं हातयंत्र पलंगाखाली सारलं. कोणी इंजेक्टर घेऊन आलं की त्या परत पाठवत. दोन वर्षं असंच चाललं.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी शेजारची अमिता आली. तिचे मामा विष्णुपंत वर्ध्याच्या अकरा जणांना घेऊन मिनीबसने नर्मदा परिक्रमेला निघाले होते. गाडी जुनी. ती जबलपूरच्या ग्वारीघाटाच्या समोर, नर्मदेच्या पलीकडच्या काठावर अडली होती. काळा धूर ओकायची, चढ चढत नव्हती. तिथल्या मिस्त्रीने डिझेलचा पंप खोलावा लागेल, आठ दिवस जातील, असं सांगितलं होतं. शहर समोर दिसत होतं, पण परिक्रमेत नदी ओलांडायची नसते आणि विष्णुपंतांच्या मते गाडीनेही ओलांडायची नव्हती.

"मला आता इंजिन ऐकू नाही येत, अमिता," शकुताई म्हणाल्या.

शकुताईंचे यजमान अंबादास उठले आणि पलंगाखालून यंत्र ओढून त्याच्यावरची धूळ पुसू लागले.

दोघं नावेने निघाले आणि ते हातयंत्र अंबादासांनी पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवलं. पलीकडे उतरल्यावर ड्रायव्हर धनेशने त्यांनाच नमस्कार केला आणि बॉनेट उघडून सगळा बिघाड समजावून दिला. अंबादासांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भैया, मी रेल्वेत तिकिटं तपासत होतो. मिस्त्री ह्या आहेत."

शकुताईंनी गाडी सुरू करायला लावली. कानात तेच खडे. वैतागून त्यांनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि डिझेल कुठे झिरपतं का ते पाहायला इंजेक्टरच्या पाइपाला हात लावला. बोटांखाली नाडीसारखा ठोका लागला. दुसऱ्या पाइपालाही तसाच. तिसऱ्यावर तो भोथरा होता, चौथ्यावर पुन्हा स्वच्छ. त्यांनी चारही पाइप परत परत चाचपले.

खात्री करायला त्यांनी पाइपांवर फडकं गुंडाळून एकेकाचा नट ढिला केला. पहिला ढिला होताच इंजिन अडखळलं आणि त्याचा हिसका मडगार्डवर ठेवलेल्या डाव्या हातात आला. तिसरा ढिला केल्यावर काहीच झालं नाही. म्हणजे ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. बाकीची तिन्ही चालत होती, तेव्हा पंप ठीक होता.

इंजेक्टर काढून त्यांनी हातयंत्रावर चढवले. तोवर सगळी मंडळी भोवती जमली होती. फवाऱ्यासमोर हात नेऊ नका, ही धार कातडीतून आत शिरते, असं बजावून शकुताईंनी दांडा दाबला. चांगला इंजेक्टर फवारताना थरथरतो आणि ती थरथर दांड्यातून तळहातात येते. तीन इंजेक्टर थरथरले. चौथा, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा, नुसता टपटप गळला.

त्यांनी तो खोलला. आतली सुई काजळी धरून अडकली होती. पितळी ब्रशने आणि डिझेलने त्या तासभर ती साफ करत बसल्या. उभी धरल्यावर सुई आपल्या वजनाने सरकन खाली आली, तेव्हा त्यांनी तो जोडून पुन्हा दांडा दाबला. समोर धरलेल्या वर्तमानपत्रावर धुक्यासारखा गोल उमटला. थरथर दांड्यातून शकुताईंच्या तळहातात आली.

"अहो," त्या अंबादासांना म्हणाल्या, "मला समजून राहिलं. हातात समजून राहिलं."

अंबादासांनी दांड्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला. त्यांना काहीच कळलं नाही, तरी ते हसत होते.

तांब्याचे नवे वायसर, म्हणजे चकत्या, लावून धनेशने इंजेक्टर बसवले आणि गाडी घाटावरच्या चढावर नेली. ती धूर न सोडता वर गेली, वळली आणि खाली आली. बायकांनी नर्मदेचा जयजयकार केला. विष्णुपंतांनी दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची भाजी. शकुताईंनी तीन रोडगे खाल्ले.

पंधरा दिवसांनी अमिताला निरोप आला, ओंकारेश्वरला परिक्रमा पूर्ण झाली, गाडी कुठेच थांबली नाही. तोवर हातयंत्र समोरच्या खोलीत खिडकीशी पक्कं बसलं होतं. आता सकाळी दारात गाड्या लागतात. ड्रायव्हर आपापली तक्रार सांगू लागतात आणि अंबादास त्यांना बाकावर बसवून चहा देतात. सांगायचं ते तिला आधी सांगून घ्या, म्हणतात, एकदा तिने कानातलं यंत्र काढून मशीनला हात लावला की ती कोणाचंच ऐकत नाही.