दोघांचं गाऱ्हाणं

बायको वारल्यानंतर यंदा पहिल्यांदाच कुणकेश्वराला गेलो. दरवर्षी गुरव आमचं गाऱ्हाणं देवाला सांगायचा आणि प्रत्येक वाक्याला ती देऊळ दणाणेल अशा आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “देवाक ऐकाक येता गो,” मी करवादायचो.

या वेळी नारळ मी एकट्यानेच पुढे केला. म्हाताऱ्या गुरवाने नेहमीसारखे डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, ह्या दोघांका सुखात ठेव रे म्हाराजा!” म्हणून तो थांबला. वाटलं, सांगावं त्याला. पण तो डोळे न उघडता वाट बघत होता. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. मग मीच ओरडलो, तिच्याएवढ्या मोठ्याने, “व्हय म्हाराजा!”