आबांची गाडी सुरू करणारी मावशी

शकूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीच्या बाजारात वांगी निवडत होते. फोन तिच्या मुलीचा, मीनाचा. "ताई, आई गेली... दुपारी जेवली, शेजारच्या काकूचं मिक्सर खोलून बसली, ते जोडलं, अन् भिंतीले टेकली. बस." मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मिक्सर सुरू झालं काय?" मीना म्हणाली, "झालं न. मी लावून पाहिलं. चालून राहिलं मस्त." आणि आम्ही दोघी फोनवर रडता रडता हसायला लागलो. आता दीड महिना होतोय, पण मावशीची आठवण आली की पहिलं हसूच येतं.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान चिखल्याच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. ते आजारपणात गेले तेव्हा मीना पहिलीत होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तडक चिखल्याला गेले आणि म्हणाले, "चाल आसगावले. घरचं धान आहे, घर मोठं आहे." मावशीनं हात जोडले आणि यजमानांच्या जागी खाणीत नोकरी धरली. आबांना ते फार लागलं. आपल्या घरची बाई खाणीत उतरणार, आणि तेही आपला शब्द मोडून! त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती आमच्याकडे आली की आबा धानाच्या बांधीत काम काढून निघून जायचे. चोवीस वर्षं हे असं चाललं. आई मध्ये पडून थकली; मावशीचं नाव काढलं की आबा उठूनच जायचे.

मावशीचं काम खरं तर लॅम्परूममध्ये होतं. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या टोपीवर जो दिवा असतो, तो पाळी संपली की तिथं जमा व्हायचा. त्याची बॅटरी भरायची, वायर तपासायची, बंद पडला असेल तर दुरुस्त करून पुढच्या पाळीला द्यायचा. ती म्हणायची, "दिवा वर बंद पडला तं मले त्रास. खाली बंद पडला तं त्या मानसाले." म्हणून एकही दिवा ती दोनदा तपासल्याशिवाय खिडकीबाहेर देत नसे.

आणि आबांचा जीव होता त्यांच्या गाडीत. सत्तर वर्षांची, काळी, गोल डोळ्यांची विलायती मोटार. तरुणपणी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून हौसेनं घेतलेली. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न आसगावच्या घरी ठरलं तेव्हा आबा ऐंशीचे होते. "माही नात याच गाडीतून मांडवात येईन," असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं, गाडीला आतून-बाहेरून, अगदी खालूनही नवा रंग मारून घेतला. आणि लग्नाला चार दिवस असताना गाडी बंद! बटण दाबलं की टक्... आणि दिवेही मंद. पवनीचा मिस्त्री आला, त्यानं बॅटरी बदलली. भंडाऱ्याहून दुसरा आला, त्यानं स्टार्टर खोलून पुन्हा बसवला. पुन्हा टक्. तो म्हणाला, सगळी वायरिंग नवी करावी लागेल, आठ दिवस लागतील. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. आबा ओसरीवर बसले ते जेवायलाही उठेनात.

मावशी त्याच सकाळी आली होती. हळद वाटता वाटता तिनं सगळं ऐकलं, हात पुसले आणि सरळ गाडीपाशी गेली. "दादू, दाब बरं बटन," ती माझ्या भावाला म्हणाली. टक्. "आणखी." टक्. तिसऱ्या वेळी ती खिडकीतून आत वाकली, इकडेतिकडे हात लावत गेली आणि एकदम "अगाई!" करून तिनं हात झटकला. इंजिन थंड असताना ओढायची ती चोकची मूठ तापली होती. चोकची तार म्हणजे नुसती ओढायची तार, तिचा विजेशी संबंधच नाही. "मंग हे काहून तापली?" मावशीचे डोळे चमकले. तिनं एक छोटा बल्ब आणि दोन वायरी मागवल्या. एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला, आणि दादूला बटण दाबायला सांगितलं. जिथं दिवा पेटायलाच नको, तिथं तो लख्ख पेटला.

मावशी ओसरीकडे वळली. "भाऊजी, कलर खालूनबी मारला काय?"

चोवीस वर्षांनी तिनं आबांना थेट विचारलं होतं. आम्ही सगळ्या बायका हातातलं काम टाकून पुढं आलो.

"मारला न. चांगले दोन हात," आबा म्हणाले.

"मंग झालं! इंजिनातून बॉडीले एक पट्टी जाते. करंट तिच्यातून वापस येते. तुम्ही पट्टी काढून खालीबी कलर मारला अन् वरून पट्टी कसली. बिचारा करंट त्या चोकच्या तारेतून वापस येऊन राहिला."

तिनं बारदाना अंथरला, पदर खोचला आणि गाडीखाली शिरली. आचाऱ्याची सुरी मागून घेतली. खालून खरवडण्याचा आवाज येत राहिला आणि आबा ओसरीवरून उतरून हळूहळू गाडीजवळ येत राहिले. शेवटी पट्टी कसून झाल्यावर ती खालूनच ओरडली, "हां, मी निघतो, मंग दाब!" दादूनं बटण दाबलं आणि गाडी अशी धडधडली की मांडवातले लोक पळत आले.

आबांनी स्वतः तांब्या आणला आणि तिच्या काळ्या हातांवर पाणी घातलं.

"खाणीत हेच शिकलीस काय?"

"खाणीत कुठं जी? मी तं वर बसून दिवे तपासत होती."

"तू खाली उतरत नोव्हतीस?"

"एक दिवसबी नाही."

"मंग सांगितलं काहून नाही इतके वर्षं?"

"तुम्ही विचारलं कवा?"

आबा आधी गोरेमोरे झाले, मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी गाडीत नवरीशेजारी मावशीला बसवलं ते त्यांनीच. पुढच्याच महिन्यात ते पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला गेले, आणि मग जातच राहिले.

तेरवीलाही आबा गाडीनंच चिखल्याला आले. दादू चालवत होता, आबा पुढं बसून प्रत्येक खड्डा आधी सांगत होते. जेवणं आटोपली तशा लॅम्परूममधल्या बायका अंगणात गाडीभोवती जमल्या. त्यातली एक म्हणाली, "आबाजी, शकूबाईनं सुरू केली ते हेच काय जी?"

"हेच."

"बसून पाहू काय?"

आबांनी मागची दोन्ही दारं उघडली. चौघीजणी दाटीवाटीनं बसल्या, गाडी खाणीच्या कॉलनीतल्या वळणाआड गेली, तरी त्यांचं खिदळणं मला आणि मीनाला दारात ऐकू येत होतं. जरा वेळानं गाडी परत आली. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली, "मीना, चहा जरा उशिरा ठेव बाई. आठजणी आणखी राहिल्या आहेत."