चार बोटं माती, खाली कातळ

आई गेली, त्याच वर्षी दिवाळीनंतर अप्पा आमच्याकडे राहायला आले. अप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी कोकणात जंगलखात्यात वनरक्षक म्हणून केली. एस.टी.तून उतरले तेव्हा एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात डालड्याचा डबा. डब्यात फणसाचं रोप होतं, चांगलं वीतभर वाढलेलं. घाटातल्या वळणांवर त्याला धक्का लागू नये म्हणून सगळा रस्ता ते डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"तुझ्या आयशीनं लावलंन होतं," एवढंच म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला.

आमचं घर नुकतंच झालं होतं. काळेवाडी मागे टाकून रहाटणीकडे निघालं की एक उघडा चढ लागायचा, तिथे. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे अंगण. हे पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते, सायकलने नदी ओलांडून जायचे. आजूबाजूला आमच्यासारखीच कंपनीतली माणसं घरं बांधत होती, आणि दोन घरांच्या मध्ये नुसतं कुसळी गवत. झाड म्हणाल तर एक बाभूळ. तिच्याखाली बकऱ्या बसायच्या.

अप्पांना इथे काही केल्या करमेना. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की दचकून उठायचे. अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचे. कुठे जायचं नसताना टोपी घालून बसलेला माणूस बघवत नाही. मी आत पोळ्या लाटायची आणि दर थोड्या वेळाने बाहेर डोकवायची. ते तसेच बसलेले असायचे.

एकच काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. फणसाला खड्डा खणायचं. उन्हाळा तापायला लागल्यावर त्यांनी शेजाऱ्यांकडून पहार मागून आणली. हे शेजारी परभणीकडचे. दुष्काळात गाव सोडून आलेले, फाउंड्रीत कामाला. घरात बुद्धाची तसबीर, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो.

"काय करायलात अप्पा?" भाऊंनी कुंपणावरून विचारलं.

"फणस लावतोय."

"हितं?" भाऊ हसले नाहीत, पण पहार देताना म्हणाले, "दुष्काळी कामावर खडी फोडली मी, अप्पा. हा खडक लई कडू आहे."

खरंच होता. वर चार बोटं माती, तीही खड्यांची. तिच्याखाली पिवळट, भुसभुशीत मुरूम. आणि मुरमाखाली काळा कातळ. पहार त्यावर आपटली की ठण्ण आवाज व्हायचा आणि अप्पांचे हात कोपरापर्यंत झिणझिणायचे. आमच्या कोकणात जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, पाणी पिणारा दगड. त्यात खड्डा केला, पालापाचोळा भरला, की झालं. अप्पांनी इथेही तेच केलं. सकाळी ऊन चढेपर्यंत खणायचे. मुरूम संपला तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन कातळाची ढलपी ढलपी काढली. कंबरेइतका खड्डा झाला. त्यात शेण, पाला, नदीकाठची गाळाची माती भरली. पाऊस लागल्यावर रोप लावलं आणि त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

आषाढात झड लागली. फणसाची पानं आधी पिवळी पडली, मग खाली मान घालून उभी राहिली. अप्पा रोज त्याच्याजवळ उकिडवे बसायचे. एका सकाळी त्यांनी बुंध्याशी हात घातला आणि रोप अलगद वर आलं, मुळांनी काही धरलंच नव्हतं. मुळं काळी, बुळबुळीत. खड्ड्यात पाणी तुडुंब होतं आणि त्याला कुजका वास येत होता. कातळात खणलेला खड्डा म्हणजे दगडी टाकीच झाली होती. पाणी आत गेलं, पण बाहेर पडायला त्याला वाट नव्हती.

अप्पा उठले. हात धुतले. दुपारी जेवताना म्हणाले, "मी जातो गो घरी. तिथे निदान माती ओळखीची आहे."

घरी म्हणजे कुठे, हे मी विचारू शकले नाही. कोकणातल्या घराला कुलूप होतं. मी ताट घेऊन आत गेले आणि मोरीत उभी राहून रडले. त्या काळ्या मुळांकडे मला बघवलं नव्हतं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

यांचा स्वभाव कमी बोलण्याचा. पण त्या शनिवारी कामावरून आल्यावर म्हणाले, "मामा, जायचं तर जा. पण उद्या मला सुट्टी आहे. कामशेतच्या पुढे डोंगरात रान आहे म्हणतात. तुम्ही आलात तर बघून येऊ."

रान म्हटल्यावर अप्पा टोपी शोधायला लागले.

आम्ही तिघं गेलो. गाडीतून उतरून भाताच्या खाचरांच्या बांधावरून बरंच चाललो आणि मग झाडी लागली. आत शिरल्यावर अप्पांची चालच बदलली. घरात पाय ओढत चालणारा माणूस इथे आमच्या पुढे पुढे, फांद्या हाताने बाजूला करत. मला लहानपणचे अप्पा दिसले.

थोडं वर गेल्यावर एक मोठं जांभळाचं झाड आडवं पडलेलं होतं. वाऱ्याने उलथलेलं. मुळांचा अख्खा गड्डा मातीसकट उचलला जाऊन भिंतीसारखा उभा राहिला होता, आणि जिथून तो सुटला तिथे खाली काळा कातळ उघडा पडला होता. आमच्या अंगणातला होता तसाच, पावसाने धुतलेला.

अप्पा त्या मातीच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मग गुडघे टेकून बसले. वर पानांचा थर होता, ओला, एकावर एक चिकटलेला. त्याखाली काळी माती, स्पंजासारखी, बोट घातलं की आत जाणारी. तिच्याखाली तपकिरी, मग खडेच खडे, आणि मग काही नाही. सगळं मिळून अप्पांच्या हाताच्या कोपरापर्यंतसुद्धा नव्हतं. एवढ्याशा मातीवर ते झाड ताडमाड वाढलं होतं. मुळं खाली गेलीच नव्हती. कातळ लागल्यावर ती बाजूला वळली होती आणि लांब लांब पसरली होती, हाताच्या मनगटाएवढी जाड.

"मी चुकलो," अप्पा म्हणाले. "मी खाली खणत बसलो."

"मग काय करायचं होतं, मामा?"

"वर चढवायला हवी होती माती. खाली जागा नाही तर वर करायची." काळ्या मातीचा एक गोळा त्यांनी नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग मलाही दिला. ओल्या पानांचा, बुरशीचा, किंचित गोडसर वास. आमच्या घरामागच्या परसात पावसाळ्यात यायचा तसा.

मी पिशवी उघडली. "नेऊ या थोडी?"

"नाही." अप्पांचा आवाज एकदम खात्यातला झाला. "ही या झाडांची माती आहे. मी काडी नेणाऱ्याला सोडला नाही."

पण पडलेल्या झाडाभोवती जांभळाची रोपं पुष्कळ उगवली होती. त्यातलं एक बरोब्बर पायवाटेवर होतं. अप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. "हे गुरांच्या पायाखाली जाणार," असं स्वतःशीच म्हणाले आणि शेवटी टोपी काढून त्यांनी ते रोप टोपीत ठेवलं. परतताना गाडीत टोपी मांडीवर. घरी जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खड्डा दगड-मुरमाने बुजवला आणि त्यावर मातीचा उंचवटा केला. भाऊ पाळीवरून आले की घमेली उचलायला यायचे. माती वाहून जाऊ नये म्हणून कडेने दगड रचले, मधून पाण्याला वाट ठेवली. जांभूळ लावलं आणि मग अप्पांना एक वेडच लागलं. पाला. जिथे झाडाचं पान गळेल तिथे अप्पा पोतं घेऊन हजर. चिंचवडपर्यंत चालत जायचे. लोक पानं पेटवून देत, अप्पा जाऊन ती विझवायचे आणि भरून आणायचे. सुरुवातीला मला लाज वाटायची. जंगलखात्यातला माणूस पोतं घेऊन कचरा का गोळा करतो, म्हणून बायका विचारायच्या. पुढे त्याच बायका झाडलेली पानं पाटीत घालून आमच्या दारात आणून ठेवायला लागल्या. "अप्पा, ठिवलाय बरं का पाला," वाटेवरच्या मळ्यातली म्हातारी ओरडून सांगायची. "आमाला काय, न्हाईतर जाळायचाच हाय."

जांभूळ हळू वाढलं. एका उन्हाळ्यात गेलंच असं वाटलं, पण पावसात पुन्हा फुटलं. भाऊंनी त्यांच्या बाजूलाही तसाच उंचवटा करून शेवगा लावला. अप्पा दोन्हीकडे पाला टाकायचे. आता त्यांना भोंग्याची सवय झाली होती. भोंगा झाला की, "चला, पहिली पाळी लागली," म्हणत पोतं उचलायचे.

काही वर्षांनी वस्तीत नळ आले. पाइपासाठी रस्त्याच्या कडेने चर खणत माणसं आमच्या दारापर्यंत पोचली. मी पाणी द्यायला बाहेर आले तर अप्पा चरात उतरलेले. "इकडे ये गो," म्हणाले. शेजारच्या मोकळ्या जागेसमोर चराच्या भिंतीत ती जुनीच माती होती, पांढरटसर, लगेच मुरूम. आमच्या अंगणाशी येताच वर काळा पट्टा सुरू झाला होता. चांगला वीतभर. अप्पांनी त्यात बोट घातलं आणि ते सहज आत गेलं. त्यातून एक गांडूळ बाहेर आलं, तर ते इतके हसले की खणणारे गडीही हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढे मात्र जांभळाचं एक जाड मूळ आडवं आलं. मुकादम म्हणाला, तोडायला लागेल. अप्पा चरातून वरच येईनात. मुकादमाने आधी रागावून पाहिलं, मग विनवलं. "बाबा, सरळ लाइन आहे, वाकडी कशी घेऊ?"

"घ्या की," अप्पा म्हणाले. "माणसाला पाणी वाकड्या नळातूनही येतं."

तेवढ्यात हे दुसऱ्या पाळीला निघाले होते. सायकल भिंतीला टेकवून तेही चराच्या काठावर उभे राहिले, आणि पलीकडून भाऊ आले. कोणी भांडलं नाही. मी सगळ्यांना चहा केला. चहा होईतो मुकादमाने दोन एल्बो, म्हणजे पाइप वळवायचे जोड, मागवले आणि लाइन मुळाला वळसा घालून गेली. त्या वळणापाशी पाइप पुढे कायम गळायचा. दुरुस्तीला येणारा प्रत्येक प्लंबर विचारायचा, हे काम कोणी केलंय, आणि मी प्रत्येकाला मूठभर जांभळं देऊन सांगायची.