मन्मथप्पांची शिकस्त

छत्री असो, बैल असो की कुणाचा नवा जावई, मन्मथप्पा आधी डावा डोळा मिटायचे आणि मग निवाडा द्यायचे, तोही दोन हप्त्यांत. "रूप अलग, काम अलग," म्हणायचे. एका जावयाला तर त्याच्या सासऱ्यादेखत "रूप बेस हाय, काम काय दिसंना" म्हणून मोकळे झाले होते.

निजामी अमलात गंगाखेडच्या तहसील कचेरीत ते साहेबांसमोर कागद ठेवणारे पेशकार होते, मी अहलकार, म्हणजे साधा कारकून. गळ्यात इष्टलिंग, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळीचा वास नाही. अशा माणसाला आमचे तहसीलदारसाहेब दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गोदावरीवर न्यायचे. कशाला? तर आपल्या विलायती गळाच्या छडीची तारीफ ऐकायला!

छडी होतीही देखणी. बांबूच्या कामट्या जोडून केलेली, मधाच्या रंगाची, ठिकठिकाणी हिरवं रेशीम गुंडाळलेली. दोऱ्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी. माशी दाखवून मासा धरायचा, अशी ती करामत. पण गोदावरीच्या माशांना हे कुणी कळवलेलंच नव्हतं. एकही लागत नसे. जीवहत्या टळली म्हणून मन्मथप्पा खूश आणि तारीफ अगदी पोटातून यायची. "रूप तो दुल्हन का, हुजूर! और झुकती कैसी, जैसे दरबार में सलाम!"

गळाला मासा लागला नाही, मन्मथप्पा लागले. परभणीजवळच्या पोखर्णीला बायको दम्यानं बेजार, एकटी. ते परभणीला बदली मागायचे आणि साहेब हसून अर्जी बाजूला सारायचे. "तुम गए तो छडी की कदर कौन करेगा?"

"लय अडकलो बघा," मन्मथप्पा मला म्हणायचे. "नावं ठेवली तर नोकरी जातीय, वाखाणली तर घर जायलंय."

एका शुक्रवारी सकाळीच निरोप आला, बायकोनं अंथरूण धरलं. तरी घाटावर जावंच लागलं. आणि त्याच दिवशी एका दांडग्या मरळ माशानं माशी गिळली! छडी कमानीसारखी वाकली, घाटावरची धुणी थांबली, साहेब गुडघाभर पाण्यात. मग फट्‌दिशी छडी सरळ झाली. मासा माशीसकट पसार.

साहेबांनी घाम पुसला. "अब बोलो, काम कैसा?"

मन्मथप्पांनी डावा डोळा मिटला. "छडी ने शिकस्त की, हुजूर. पूरी शिकस्त."

धुणं धुणाऱ्या बायांनी माना डोलावल्या. खरंच, बिचारीनं किती जिवापाड धडपड केली! पण साहेबांच्या उर्दूत शिकस्त म्हणजे चक्क हार. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी वर न बघता त्यांनी बदलीवर सही ठोकली.

स्टेशनवर मी विचारलं, "अप्पा, जन्मभर उर्दूत कागद लिहिले. तुम्हाला तो अर्थ ठाऊक नव्हता?"

गाडी हलली. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघून डावा डोळा मिटला.

"रूप मराठी होतं, बाबा. काम उर्दूनं केलं."