डिकीतून येणारा आवाज

देव आहे की नाही, हा प्रश्न पडायलासुद्धा अंगात थोडं त्राण असावं लागतं. त्या वर्षी माझ्यात ते उरलं नव्हतं. जळगावात सरकारी कचेरीत नोकरी, मेहरूणला दोन खोल्यांचं घर, असोद्याला वाटणीची थोडी केळी, आणि घरात कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई. सकाळी तिचं आवरायचं, दिवसभर फायलींत मान घालायची, संध्याकाळी शेतावर चक्कर मारून रात्री पुन्हा तिची कूस बदलायची. सौ. देवाजवळ रोज दिवा लावायची आणि मला म्हणायची, निदान हात तरी जोडा. मी जोडायचो. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कडी लावतो ना, तेवढ्याच भावनेने. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मला आलेला अनुभव मी जसा आला तसाच सांगणार आहे, त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

आईवर उपचार करणारे हाडांचे डॉक्टर धुळ्याला होते. दर महिन्याला तिला तिकडे न्यावं लागे. एसटी शक्यच नव्हती. जीपमध्ये एकदा नेलं, तर एरंडोल येईपर्यंत तिने ओठ चावून रक्त काढलं होतं. तेव्हा ठरवलं की जुनी का होईना, आपली गाडी घ्यायची. दोन-तीन गाड्यांत आईला बसवून पाहिलं. सगळ्यांच्या सीटा ताठ, ती लगेच कण्हायला लागायची. शेवटी धुळ्यातच एका आबांच्या अंगणात एक गाडी दिसली. लांबलचक, बुटकी, पांढरी. पुढे दोन सुट्या खोलगट सीटा, रुंद टायर, डिकीवर पंखासारखी पट्टी. आबांच्या मुलाने हौसेने सजवलेली, आणि तो मुलगा आता नोकरीसाठी पुण्याला निघून गेलेला. हिंदी सिनेमात खलनायक ज्या गाडीतून उतरतो तसलीच ती होती आणि माझ्यासारख्या कारकुनाला मुळीच शोभणारी नव्हती. पण मागची सीट पलंगासारखी खोल आणि मऊ. आईला त्यावर सरकवलं आणि ती चक्क झोपली. कंबर मोडल्यापासून गोळी न घेता तिला लागलेली ती पहिली झोप. मग मी इंजिन बघितलं नाही, काही नाही. आबाही घासाघीस करत बसले नाहीत. किल्ली हातात देताना एवढंच म्हणाले, "घेऊन जा. पण पुन्हा आमच्या दारात आणू नका." त्यांच्या घरातून कोणी बाहेर आलं नाही. मला ते विचित्र वाटलं, पण विचारायचा उत्साह कुणाला होता.

गाडीने मग मला जेरीस आणलं. पेट्रोल तर ती पाण्यासारखी प्यायची, आणि पाणीही तसंच प्यायची. ऊन चढलं की रेडिएटर उकळायचा. असोद्याच्या शेतरस्त्यावर पोट घासायचं, आणि एखादा भाग गेला की तो मिळेपर्यंत गाडी पंधरवडाभर गॅरेजात. कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना विषय मिळाला. "आज दरोडा कुठे टाकायचा, भाऊसाहेब?" असं विचारल्याशिवाय कोणी चहा पीत नसे. मीही हसायचो. हसणं हे चिडण्यापेक्षा कमी कष्टाचं असतं.

पण या सगळ्यापेक्षा मला छळलं ते एका आवाजाने. वळण आलं की गाडीच्या मागून, उजव्या अंगाने, खट्ट असा एक जड आवाज यायचा. सरळ रस्त्यावर काही नाही. वळलं की खट्ट, पुन्हा उलटं वळलं की खट्ट. मेहरूणच्या मेकॅनिकने शॉकअब्सॉर्बर बदलले. मग बुश बदलले. मग सायलेन्सरचा पट्टा आवळला. गाडी वर उचलून, खाली झोपून, हातोडीने ठोकून झालं. गॅरेजात ती अगदी साधी भोळी असायची, आणि घरी आणताना पहिल्याच वळणाला खट्ट. मी रात्री अंथरुणावर पडलो तरी तो आवाज माझ्या डोक्यात वळणं घेत असे. आई मात्र त्या आवाजाला कधीच वैतागली नाही. मागच्या सीटवर ती आडवी असायची, त्यामुळे तो अगदी तिच्या उशाशी यायचा. एकदा म्हणाली, "मांगे कोनीतरी शे रे भाऊ." मी म्हटलं, कोणी नाही, गाडी खराब आहे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बोली ऱ्हायनी ती, बोलू दे." पुढे पुढे तर ती वळणावर खट्ट झालं की हळूच "हो माय" म्हणायची. मला भीती वाटली, की कमरेबरोबर आईचं डोकंही चाललं.

आईचं माहेर धुळ्याकडचं, म्हणून लग्नानंतर सारा जन्म असोद्यात काढूनही तिची बोली तिकडचीच राहिली. तिची कानबाईही तशीच, तिच्या जिवाला चिकटलेली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कानबाई ही आमच्याकडची घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती चौरंगावर बसते. तिची मूर्ती नसते, नारळच असतो. त्याला नथ घालतात, डोळे काढतात, लाल वस्त्र नेसवतात. सोमवारी नदीवर नेऊन पाण्यात बुडवून परत आणतात, आणि तोच नारळ पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्यात राहतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढून त्या पिठाचे रोट करतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला घासही द्यायचा नाही. आमची कानबाई रीतीप्रमाणे मोठ्या भावाकडे सुरतेला गेली. तिथल्या चाळीत एवढं सोवळं कोण सांभाळणार, म्हणून दादाने एका वर्षी तिला तापीत सोडून दिलं आणि पत्राने कळवलं. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्या श्रावणापासून तिने गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खायचं सोडलं, कारण ती कानबाईच्या नैवेद्याची. दुसऱ्या घरच्या कानबाईजवळ कोरा नारळ ठेवून, पूजा करून नवी कानबाई आणता येते, त्याला परणून आणणं म्हणतात. मी दोनदा तिला म्हटलं, कुणाकडून तरी आणू. तिचं एकच उत्तर, "देव मांगीसन आनतस नही. तिले यावं वाटनं तर ती यी."

पुढच्या श्रावणात आईने जेवण जवळजवळ टाकलंच. हाड जुळत आलं होतं, पण माणूस विझत चालला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध मी देतो, पण जगायची इच्छा मला देता येत नाही." नागपंचमी झाल्यावर पुन्हा तिला दाखवायला निघालो. मी गाडी चालवत होतो आणि मनात हिशेब चालला होता की ही आणखी किती श्रावण काढेल. भर दुपारी पारोळ्याच्या अलीकडे रेडिएटर उकळला. पाऊस दडी मारून बसलेला, ऊन भाजत होतं. आईच्या बाजूचं दार उघडून तिला वारा लागेल असं केलं आणि पाण्याचा डबा काढायला डिकीशी गेलो. डबा कलंडून रिकामा झाला होता. तेवढ्याने माझा बांध फुटला. मी त्या डिकीच्या अंगावर, उजव्या बाजूच्या पुठ्ठ्याच्या अस्तरावर, लाथा घातल्या. एका सरकारी नोकराने भर हमरस्त्यावर आपल्या गाडीला लाथा घालाव्यात, हे शोभत नाही. पण मी घातल्या आणि मला बरं वाटलं. अस्तर निखळलं, आणि चाकावरच्या पोकळीतून एक नारळ बाहेर येऊन माझ्या पायाशी थांबला. लाल कापडात गुंडाळलेला, धुळीने माखलेला.

आवाज कशाचा होता ते त्या क्षणी कळलं, आणि मला आणखीच संताप आला. वर्षभर या नारळापायी मी गाडी उघडून घेत होतो. मला वाटलं, जुन्या मालकाने गाडीच्या पूजेला आणलेला नारळ फोडायचा राहिला असेल, म्हणूनच ही गाडी अशी छळते. मग आता फोडू. ड्रायव्हर लोक करतात तसं पुढच्या चाकासमोर दगड ठेवला, नारळ मुठीत घट्ट धरून हात वर केला, आणि तळहातात काहीतरी टोचलं. कापडाच्या आत तार होती. हात खाली घेऊन कापड सोडलं. बारीक मोत्यांची नथ होती, आणि तिच्या वर पुसट झालेले कुंकवाचे दोन डोळे. तेवढ्यात उघड्या दारातून आईचा आवाज आला, अगदी शांत. "फोडू नको. इकडे दे तिले."

आईने तो नारळ मांडीवर घेतला. पदराने पुसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसरा होता. मी तिथेच मातीत बसलो. थोड्या वेळाने जवळच्या मळ्यातून एक गडी न बोलावता बादलीभर पाणी घेऊन आला, रेडिएटरमध्ये ओतून निघूनही गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. गाडी सुरू केल्यावर मी आईला मनातलं बोललो. म्हटलं, तू म्हणायचीस ती आपणहून येईल, तशी आली. आबांनी गाडी विकली तेव्हा आतलं सगळं आपलं झालं. कुणाला काही सांगायला नको, सरळ घरी नेऊ. खरंच सांगतो, मला देवी नको होती. मला माझी आई हवी होती, आणि ती त्या नारळाला धरून बसली होती. आईने नारळावर पदर ओढला. मग म्हणाली, "ती आपलाकडे ऱ्हावाले नही उनी रे भाऊ. ती तिना घर जाई ऱ्हायनी. आपली फक्त गाडी शे." ती राहायला आली नव्हती, तिच्या घरी निघाली होती. धुळ्यापर्यंत मग वळणं आली आणि गेली, गाडी एकदाही वाजली नाही.

आबांच्या दारात इंजिनाचा आवाज ऐकून आतून एक वयस्कर बाई तरातरा बाहेर आल्या. त्या आबांच्या पत्नी, सगळे त्यांना अक्का म्हणत. "ही गाडी आखो कसाले आनी?" त्या माझ्यावर तडकल्याच. आईने आतूनच हाक मारली, "रागे नको भरू अक्का. तुना घरनं माणूस लई उनूत आम्ही." तुमच्या घरचं माणूस घेऊन आलोय, असं सांगून तिने नारळावरचा पदर बाजूला केला. अक्का पायरीवरच खाली बसल्या. आबांनी मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात नदीवरून परतताना पाऊस लागला, म्हणून उतरायच्या गडबडीत अक्कांनी कानबाई क्षणभर मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवली. तिथला एक स्पीकर मुलाने दुरुस्तीला काढला होता, वर नुसतं कापड टाकलेलं. त्या भोकातून ती डिकीत गेली आणि तिथून अस्तरामागे. मुलगा लवकरच पुण्याला गेला आणि गाडी अंगणातच उभी राहिली, म्हणून तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. सगळ्यांनी सगळीकडे शोधलं, भाऊबंदांवर संशय घेऊन झाला. शेवटी अक्का म्हणाल्या, ही गाडीच अपशकुनी, डोळ्यांसमोर नको. आणि ज्या गाडीत देवी होती तीच गाडी त्यांनी दारातून घालवली.

आईने नारळ अक्कांच्या ओटीत दिला. देताना तिची बोटं किंचित रेंगाळली, ते मी पाहिलं. परणून द्या, असं ती म्हणाली नाही. आम्ही डॉक्टरकडे जायला वळलो, गाडी फाटकापर्यंत आली, तेव्हा अक्का धावत मागून आल्या. काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऐतवारले या. येताना कोरा नारय लई या."

रविवारी आम्ही तिघं गेलो. चौरंगावर जुनी कानबाई बसली होती, शेजारी आमचा कोरा नारळ. गाणी झाली, आरती झाली. पानं वाढली तेव्हा माझ्या पानात रोट पाहून मी हात आखडता घेतला. म्हटलं, अक्का, आम्ही परके, आम्हाला चालत नाही. अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "बठ्ठा भाऊबंदस्ना नावनी मूठ टाकी. एक तुना नावनी बी टाकी." समोर भिंतीला टेकून बसलेली आई गंगाफळाची भाजी पोळीला लावून खात होती. मी रोट मोडला; त्यात एक मूठ माझ्याही नावाची होती. इतक्या वर्षांत मी कुणाच्या मुठीत मोजला गेलोय, असं मला वाटलं नव्हतं.

आई त्यानंतर बरेच श्रावण जगली. ताठ कधीच चालली नाही, पण चालली. नव्या कानबाईच्या पहिल्या वर्षी मेहरूणच्या घरी गहू काढायला बसलो तेव्हा तिने पहिली मूठ दादाच्या नावाची काढायला लावली, आणि त्याला पत्र पाठवलं. तो आला, जेवला, आणि जाताना तिच्या पायावर डोकं ठेवून रडला. गाडी होती तशीच राहिली, उकळणारी, पोट घासणारी. कानबाईने तिचं मायलेज काही वाढवलं नाही. मी अजूनही थकतो, आणि माझे प्रश्नही सगळे सुटलेले नाहीत. पण हात जोडतो तेव्हा आता मागत नाही काही. संसार, नोकरी, हे शरीरसुद्धा, कुणाला कुठे पोचवायला मिळालंय ते चालवणाऱ्याला कळलंच पाहिजे असं नाही. मागून काही वाजलं तर वाजू द्यावं. जो बसलाय तो त्याच्या घरी चाललाय. आपली फक्त गाडी शे.